हप्ता तोच राहील

रविवार, ता. १२
दुपारचे तीन

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. आम्ही बरे आहोत, निदान औषधं तरी कुणाची चालू नाहीत. धाकटीला शाळेच्या शर्यतीत तिसरा नंबर मिळाला. धावायला चौघीच होत्या हे तिने संध्याकाळी सांगितलं. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना काठी घेतात, की अजून ‘मी काय म्हातारा झालो का’ म्हणून ती दाराआड उभी असते?

फोन असताना याला पत्र काय सुचलं, असं म्हणशील. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू इतकी खुशीत होतीस. ‘अरे, कंपनी स्वेच्छानिवृत्ती देतेय. पन्नास लाख मिळतायत. वीस तारखेला सही केली की मी सुटले बघ.’ अठ्ठावीस वर्षं दिव्यासमोर बाटल्या धरून तडे शोधतेयस, मान आखडलीय, डोळ्यांची वाट लागलीय. तू सुटणार म्हणून मलाही बरं वाटलं. मग तू म्हणालीस, ‘तक्त्यात बघितलं, घराचे साडेएकोणपन्नास राहिलेत. एकदम भरून टाकते.’ मी ‘वा’ म्हणालो आणि साहेब बोलावतायत असं सांगून फोन ठेवला. साहेब त्या दिवशी रजेवर होते.

ताई, वीस तारखेला सही करू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तो कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता सहा वर्षांपूर्वी मीच छापून दिला होता. तू तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास आणि पगार झाला की लाल पेन्सिलीने एकेक ओळ खोडत आलीस. ‘आमच्या लग्नाचा फोटो माळ्यावर गेला आणि हा कागद कपाटात,’ असं भावोजी म्हणाले होते. बहात्तर ओळी खोडून झाल्या, एकही हप्ता चुकला नाही. पण तो तक्ता पहिल्या व्याजदराचा आहे, आणि तुझं कर्ज बदलत्या दराचं. चार वर्षांपूर्वी दूध, तेल, बसभाडं सगळंच भडकलं, ते आवरायला वरून व्याजाचे दर चढवले गेले, आणि आमच्या बँकेनेही ते कर्जदारांवर चढवले. हप्ता तोच ठेवला की त्यातला मुद्दलाचा घास व्याज खातं आणि कर्जाची वर्षं वाढतात. तू पंचेचाळीस हजार सहाशे भरतेस, त्यातले बेचाळीस हजार नुसत्या व्याजात जातात. तुझी आजची बाकी पंचावन्न लाख आहे. तक्त्यात अजून चौदा वर्षं दिसतात. खरी अठ्ठावीस आहेत.

म्हणजे नोकरी सोडून सगळे पैसे भरलेस तरी डोक्यावर पाच लाख राहतील, आणि पगार नसेल. भावोजींच्या अर्ध्या दिवसाच्या कामात तुमचा किराणा आणि लाइटबिल निघतं, पुढे काय? घर विकावं म्हटलं तर तुमच्या खालचंच घर आठ महिने रिकामं पडलंय. घ्यायची इच्छा असलेली माणसं रोज माझ्या टेबलासमोर बसतात. या दराने किती कर्ज मिळेल ते ऐकतात, एकमेकांकडे बघतात आणि पाण्याचा ग्लासही न संपवता उठतात.

मध्येच उठलो होतो. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बंद करून परत आलो. हिने विचारलं, ‘एवढं काय लिहितोयस?’ म्हटलं, ताईला. ‘मग माझाही नमस्कार लिही,’ म्हणाली. तो घे.

बँकेने कळवलं नाही का, असं तू विचारशील. कळवलं. पण कर्जाच्या अर्जावर पत्ता आणि फोन मी माझा घातला होता. ‘तूच बघ रे, मला ते कागद वाचून झोप येते,’ असं तू म्हणाली होतीस, आणि मलाही मोठेपणा वाटला होता. दर वाढल्याचा फॉर्म माझ्याकडे आला. दोन चौकटी होत्या: हप्ता वाढवा, किंवा मुदत वाढवा. हप्ता वाढला असता तर महिन्याला साडेआठ हजार जास्त. भावोजींचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. पुढच्या वाढींनाही तेच लागू झालं. त्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, ‘व्याज वाढलं म्हणतात, आपलं काय?’ मी म्हणालो, ‘तुझा हप्ता तोच राहील, काळजी करू नकोस.’ शब्द खरे होते, म्हणून बोलायला जड गेले नाहीत.

तुझी दया येऊन खूण केली, असं मी चार वर्षं स्वतःला सांगतोय. ते अर्धंच खरं आहे. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘बदलता दर घे, असं तूच सांगितलंस ना?’ मी सांगितलं होतं. दर उतरणार, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि तुझं कर्ज झालं त्याच महिन्यात मी माझ्या घराचं कर्ज स्थिर दराने घेतलं, एक टक्का जास्त देऊन. मला भीती होती, ताई. तुला सांगितली नाही, कारण त्या तिमाहीच्या उद्दिष्टाला बदलत्या दराची एक फाइल मला कमी पडत होती. ती तुझी झाली. पुढे बढती मिळाली तेव्हा पहिला फोन तुझाच आला होता. मला स्वतःची लाज वाटते.

त्या पाच लाखांपैकी माझ्याकडे दीड लाख आहेत, ते तुझेच समज. बाकीचं जमवीन असं म्हणायला जीभ रेटत नाही. खोटं एवढं पुरे.

तू असं कर. पत्र मिळताच कंपनीत तारीख पुढे ढकलता येते का विचार. मग बँकेत जा, माझ्या टेबलाकडे नको, थेट साहेबांकडे. कर्ज किती बाकी आहे त्याचा दाखला माग आणि मुदतवाढीच्या त्या फॉर्मची प्रत माग. खाली तुझ्या नावाची सही आहे. नीट बघ. तू नावाखाली रेघ कधीच ओढत नाहीस, तिथे रेघ आहे. दिवस संपायला आला होता, फॉर्म त्याच दिवशी जायचा होता, आणि मी सही केली. ती तुझी नाही.

मग हे पत्र त्यांच्यासमोर ठेव. तुझ्या संमतीशिवाय मुदत वाढवली गेली हे कागदावर आलं की तुझी तक्रार उभी राहते. व्याजातलं काही माफ होईल की नाही सांगता येत नाही. बँकेला दाद मात्र द्यावी लागेल. फोनवर सांगितलं असतं तर तू थोडी रडली असतीस, ‘असू दे’ म्हणाली असतीस, आणि तुझ्या हातात काहीच राहिलं नसतं. माझी चौकशी होईल. नोकरी टिकेल असं वाटत नाही. हिला अजून काही बोललेलो नाही. पत्र पेटीत टाकून आलो की सांगणार आहे.

मला वाचवायला हे पत्र फाडू नकोस. तू तेच करशील, मला माहीत आहे, म्हणून याची एक प्रत साहेबांच्या नावे आजच टाकतोय.

तुझा धाकटा भाऊ,
गृहकर्ज अधिकारी, कर्मचारी क्रमांक ४४१७