मिसेस क्वामे यांच्या सहीची शेपटी

शुक्रवार, १२ एप्रिल १९९६

बँकेने पुन्हा नाकारले! शेतकऱ्यांना दिलेल्या दुधाच्या चेकांपैकी निम्मे त्यांच्या यंत्राला वाचता आले नाहीत. तळाची आकड्यांची ओळ मी स्वतः पट्टी लावून तपासली — जागा अचूक, वळण अचूक, चुंबकीय शाई अस्सल. मग खोट कुठे?

चेक बाहेरून छापून घेण्याऐवजी आपल्या चीज फॅक्टरीतच संगणकावरून छापावेत, हा आग्रह माझा, म्हणजे हिशेबनिसाचा. संचालकांपुढे तो मांडणाराही मीच. बँक म्हणते, मेच्या पहिल्या हप्त्यालाही हेच झाले तर छपाई बंद. तेव्हा नाक माझे कापले जाईल, प्रिंटरचे नव्हे.

शनिवार, १३ एप्रिल

एमिल टेशचा घरी फोन. चाळीस गाई आहेत त्याच्याकडे, आणि आवाज त्या सगळ्यांहून मोठा. "काय रे रोलंड, शाईऐवजी ताक भरलंस का त्या मशीनमध्ये? माझे पैसे अजून बँकेत अडकलेत!"

फार अपमान वाटला.

सोमवार, १५ एप्रिल

सापडले! दोष मालकीणबाईंच्या सहीत आहे.

मिसेस क्वामे सहीच्या शेवटी एक लांब, वेटोळी शेपटी ओढतात. ती थेट आकड्यांच्या पट्ट्यात उतरते. त्या स्वतः पेनाने सही करीत तोवर काही बिघडले नाही. पेनाच्या शाईची बँकेचे यंत्र दखलच घेत नाही. आता जुन्या चेकवरून उचललेली तीच सही प्रिंटर चुंबकीय शाईत छापतो, आणि यंत्र निम्म्या वेळा शेपटीलाही आकडा समजते. इतकी साधी गोष्ट!

संगणक सांभाळणारा ड्वाइट म्हणाला, "शेपटी उडवतो की साहेब. दोन मिनिटांचं काम."

"सही आहे ती, ड्वाइट. तू काय न्हावी आहेस?"

सही वर सरकवली तर रक्कम झाकली जाते. छाटली तर बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. आणि माझ्या मते छाटलेली सही ही सहीच नव्हे. त्यांनी नवी, आखूड सही करावी आणि नमुन्याचे नवे कार्ड बँकेत द्यावे — हाच एक सरळ मार्ग.

गुरुवार, १८ एप्रिल

कार्ड घेऊन मिसेस क्वामे यांच्याकडे गेलो. "ठेव तिथे. कॉफी घे आधी." कॉफी झाली. सही झाली नाही.

सोमवार, २२ एप्रिल

चष्मा घरी राहिला म्हणे! चष्मा नाकावरच होता.

बुधवार, २४ एप्रिल

आज मी स्पष्ट बोललो. एका शेपटीपायी निम्म्या शेतकऱ्यांचे पैसे रखडतात, हे योग्य नाही. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "पन्नास वर्षं मी अशीच सही करतेय, रोलंड. आता त्या डबड्यासाठी बदलू?"

अट्टाहास! निव्वळ अट्टाहास. ज्या बाईने संचालकांच्या बैठकीत माझा प्रस्ताव एका वाक्यात मंजूर करवून घेतला, तीच आता तो बुडवते आहे. माझ्या आकडेमोडीची हीच का किंमत?

शुक्रवार, २६ एप्रिल

ड्वाइट पुन्हा म्हणाला, "छाटू का? कुणाला कळणारही नाही." नाही म्हणालो. पण लगेच नाही.

सोमवार, २९ एप्रिल

मिसेस क्वामे यांनी बोलावले. मला दार लावायला सांगितले. मग पेन उचलून कागदावर टेकवले — शेपटी नाही, नाव नाही. नुसत्या थरथरत्या रेघा. "हिवाळ्यापासून असंच आहे. तुझे आकडे छान होते रे, पण प्रिंटरला मी हो म्हटलं ते या हातासाठी."

कार्ड माझ्यापुढे सरकवले. "आता चेकवर सही तू कर, तुझ्या नावाने. तुझी सही तशीही आखूडच असते."