सायलीच्या ऑर्डरीचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर, सोमवार
सायली ऑफिसातून आली ती चपला न काढता माझ्या गळ्यात पडली. मरोळची तिची कंपनी तिला परदेशात पाठवतेय, कसल्याशा प्रदर्शनाला. मोठी ऑर्डर आणायचीय. "रविवारी निघते. नारळ ठेवून गाऱ्हाणं तू घालायचं, आजी. बाबा देवासमोर अर्ज वाचल्यासारखं बोलतात." खरंय. मुलगा माझा, पण जीभ त्याच्या बापाची.

४, मंगळ.
गाऱ्हाण्यात कामाचं नाव घ्यावं लागतं. मोघम मागितलं तर देव देणार काय? म्हणून नातीला विचारलं, विकतेस काय नक्की? लेझर. ते ठाऊक होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनचा, असं मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. हसून लोळली. "हत्यार आहे ते, आजी. उजेडाचं. आकाशातला ड्रोन जाळतं. गोळी नाही, आवाज नाही."
"आत माणूस?"
"आत कोणी नसतं गं."
बरं. जेवलो. बांगडे ताजे होते.

५, बुध. त्रिपुरी पौर्णिमा
पणत्या लावताना परत विचारलं, घेतं कोण हे? "सगळेच देश. मार्केट जोरात वाढतंय." का? "भांडणं वाढलीत ना." एवढं बोलून तिने पुढची पणती पेटवली. मीही.
म्हणजे हिचा धंदा वाढू दे म्हणायचं, तर तिकडे भांडणंही...

७, शुक्र.
सांगून टाकलं, ऑर्डर मी देवाकडे मागणार नाही. भडकली. "लोकांच्या घरांवर येणारे ड्रोनच पाडतं ते. वाचवतं. आणि ऑर्डर नाही आली तर आमचं खातं बंद, मी घरी." तेही खोटं नाही. कॉलेज सुटल्यापासून त्या एका यंत्रामागे खपलीय पोर. दार आपटून आत गेली. मग आली, माझे पाय चेपत बसली. तोंड फुगलेलंच. चेपले मात्र नीट.

९, रवि.
नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, ह्या आमचा चेडू, सायली, परदेशाक जाता, तेका सुखरूप ने, सुखरूप परत हाड." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. "ज्यांच्या घरावर वरसून मराण येता, तेंच्या दारात हिची वस्तू उभी ऱ्हवांदे." व्हय म्हाराजा. सायलीचा आवाज मोठा. "आणि ज्यांका दुसऱ्याचा घर जाळूचा आसा, तेंच्या हाताक ती गावू नये."
कोणी व्हय म्हणेना. मुलगा सायलीकडे बघतोय, सायली नारळाकडे. शेवटी मीच म्हटलं.
निघताना तिने वाकून नमस्कार केला. उठताना कानात म्हणाली, "अर्धीच ऑर्डर मागितलीस, म्हातारे." तिच्या बॅगेत खोबऱ्याच्या वड्या कोंबल्या.

१२, बुध.
फोन. आवाज बसलाय तिचा, दिवसभर बोलून. एक देश घ्यायला तयार आहे. उद्या सकाळी सही. नाव सांगितलं, मला कुठलं कळायला.
"त्यांचं भांडण कोणाशी?"
"विकणाऱ्याने असं विचारायचं नसतं, आजी."
"तू विकणारी. मी नाही."
मागे माणसांचा गलका. मग म्हणाली, "जेवलीस का?"
हो म्हटलं. जेवले नव्हते. फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही.