ज्वारीच्या कोठारात गहू

६ ऑगस्ट १९३९, परभणी
साप्ताहिकाचा मजकूर दुपारच्या गाडीनं हैदराबादला रवाना. संध्याकाळी धाकटी बहीण कावेरी हिच्याकडे. तिथं नवा कायदा. तिचा विश्वनाथ मराठी चौथी करून उर्दू शाळेत गेलाय, पहिल्याच चाचणीत कच्चा निघाला. हेडमास्तरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, एका मेंदूत दोन भाषा मावत नाहीत. नागनाथ मोंढ्यातला धान्याचा आडत्या, त्याला लगेच पटलं. "दादा, कोठारात ज्वारी गच्च भरल्याली. गहू वतावा कुठं? आदी ज्वारी काढा." आजपासून पोराशी घरात मराठी बंद. कावेरीला उर्दूचं अक्षर येत नाही.

९ ऑगस्ट
दुकानात नागनाथला विचारलं, "तेलंगी गिऱ्हाइकाशी तेलुगू, हमालांशी दखनी, घरी मराठी. तुमचं कोठार कसं फुटलं नाही?"
हसला. "ती नुसती बोली हाय. मी इल्माचं, शाळंतल्या विद्येचं बोलायलोय."
वार्षिक परीक्षेत पोरगा पडला तर शाळा सुटणार, तराजू धरणार. बापाला तो सरकारी कचेरीत पेशकार झालेला पाहायचाय. माणूस वाईट नाही.

२८ ऑगस्ट
जेवायला तिकडे. कावेरी खुणेनं वाढते, विश्वनाथ खुणेनं नको म्हणतो. नागनाथ एकटाच जोरात, "और रोटी लेव, साब!" कुणी हसलं नाही. सकाळच्या लिंगपूजेला तरी सूट आहे का, विचारलं. "देवाला कोनचीबी चालती."
निघताना कावेरी, "मुक्यावानी वाढायलेय दादा, पोटच्या लेकराला."

१४ ऑक्टोबर
भर दुपारी गेलो. नागनाथ मोंढ्यात, विश्वनाथ जेवणाच्या सुट्टीत घरी. कावेरी भाकरी थापतेय, शेजारी पाटी, पाटीवरच्या उर्दू अक्षरांवर पिठाची बोटं.
"बे ला खाली एक टिंब, आये. पे ला तीन."
"तीन कशाला रे मेल्या? एकानं भागंना व्हय?"
"मामा, हिला कायच येत न्हाई!"
पोरगा किती दिवसांनी मोठ्यानं बोलला.
कावेरी मुळीच ओशाळली नाही. "मला उर्दू आली की बोलता यील लेकराशी. कायदा मोडला न्हाई म्या."
मोडलाय. शिकवणी सगळी मराठीत. 

२ डिसेंबर
कावेरी शब्दाशब्दाला अडवते. "म्हंजी काय?" विश्वनाथला सांगता आलं नाही की दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मौलवीसाहेबांना विचारून येतो. शाळेत म्हणे आता सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच. आईचे आहेत.

१७ एप्रिल १९४०
विश्वनाथ पास, वरच्या नंबरानं. मोंढ्यात पेढे. नागनाथ, "बगा दादा. ज्वारी काढली, गहू बसला."
कावेरी माझ्या हातावर पेढा ठेवून आत गेली.

२१ एप्रिल
मोंढ्यातल्या आणखी दोघांनी घरात मराठी बंद केली. नागनाथची नजर आता धाकट्या गौरावर. दीड वर्षाची, नुकती बोलू लागलीय. "हिच्यात ज्वारी भरूच नका."
पोरगा मराठीतूनच शिकला हे नागनाथला सांगावं तर दुपारची शिकवणी बंद, आणि विश्वनाथच्या पुढच्या परीक्षा बाकी. न सांगावं तर ही पोर आईच्या तोंडाकडे नुसती बघत बसणार. कावेरीला विचारलं.
"आत्ताच नगं, दादा." मग गौराला उचलून, "पर हिचं काय करू?"

२६ एप्रिल
या शिकवणीवरचा लेख लिहून झाला. नाव-गाव काही नाही; चूल, पाटी, कोठार, एवढंच. पण आमचं साप्ताहिक मोंढ्यात मोठ्यानं वाचून दाखवतो तो नागनाथच. चार ओळींत ओळखेल.
संध्याकाळी तिकडे. गौरानं हात पसरले. "मामा."
"मामू म्हन," नागनाथ.
"मामा."
कावेरी दारात उभी. लेखाचं तिला सांगितलंय. हो नाही, नको नाही.
उद्या दुपारची गाडी. इतक्या वर्षांत मजकूर कधी चुकवलेला नाही. पाकीट बांधून ठेवलंय. पत्ता अजून लिहिलेला नाही.