कायम होण्याची सेटिंग

३ मार्च, सोमवार
सकाळच्या गर्दीत दवाखान्यांचं ऑनलाइन बुकिंग पुन्हा बंद. आमचा डेटाबेस एका वेळी १५१ कनेक्शन घेतो, पुढच्याला दारातूनच परत पाठवतो. मॅनेजरबाई म्हणाल्या, पुढचा सोमवार नीट गेला तर तुम्हाला कायम करण्याबद्दल वर बोलते. नाहीतर महिनाअखेरीस कंत्राट संपतंच आहे. म्हटलं, किरकोळ काम. घरी हिला सांगितलं, कायम झाल्यातच जमा आहे. ती हसली. मला काही वाटलं नाही. बहुधा आत्मविश्वास.

४ मार्च, मंगळवार
डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरलो. आत फाइल बदलायला साधा एडिटरसुद्धा नाही. आधी तो बसवला, मग सेटिंगच्या फाइलमध्ये १५१ चे ५०० केले. रीस्टार्ट. काम फत्ते! उगाच बाऊ करतात लोक.

५ मार्च, बुधवार
पुन्हा १५१. एडिटरही गायब. सगळं परत केलं. शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली, अहो, कंटेनर म्हणजे वापरून फेकायचा डबा. रोज नवी आवृत्ती चढवताना जुना टाकून नवा काढतात, तुम्ही आत केलेलं टिकेल कसं? फाइल बाहेर ठेवा आणि आत नुसती जोडा. म्हटलं, माहीत आहे, चाचणी घेत होतो.

६ मार्च, गुरुवार
तिने सांगितल्यावर लगेच केलं तर बरं दिसत नाही. आज पुन्हा हातानेच ५०० केले. रोज सकाळी करायलाही हरकत नाही. कायम माणसाला रोजचं काहीतरी काम लागतंच.

७ मार्च, शुक्रवार
फाइल बाहेर ठेवली. परवानग्यांची कटकट नको म्हणून ७७७ देऊन टाकले: कुणीही वाचा, कुणीही लिहा. माणसाने मन मोठं ठेवावं. नवा कंटेनर निमूट सुरू झाला. आकडा तपासणार होतो, पण धडधाकट चाललेल्या सर्व्हरवर संशय कशाला? बाईंना 'झालं' कळवलं. हिलाही सांगितलं, पक्कं झालं.

९ मार्च, रविवार
हिने रात्रपाळीची नोकरी सोडली. मला न विचारता कळवूनही टाकलं. पाच वर्षं रात्री जागतेय, आता पुरे म्हणाली. भावालाही फोन केला, आमचे हे कायम झाले. थांब म्हणायला हवं होतं. 

१० मार्च, सोमवार
बुकिंग बंद. १५१.
टेस्टरने डेटाबेसच्या नोंदींचा लॉग उघडला. सुरुवातीलाच इशारा होता: ही फाइल कुणीही बदलू शकतं, सबब तिच्याकडे दुर्लक्ष केलं आहे. डेटाबेस इतका संशयी असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने लिहायची मुभा काढली, रीस्टार्ट केलं. ५००. बाई तिला म्हणाल्या, यापुढे हे तुम्हीच बघा. संध्याकाळी माझं लॉगिन चालेना. तात्पुरतं असणार.

११ मार्च, मंगळवार
बुकिंग दिवसभर सुरळीत. मी नुसता बसून होतो.
संध्याकाळी दोघं एकत्र जेवलो. हिने विचारलं, सर्व्हर कसा आहे? म्हटलं, मस्त, एकदाही पडला नाही. कायम केल्याचं पत्र कधी देणार? म्हटलं, देतील. ठरवलं, उद्या सकाळी उठल्या उठल्या खरं सांगायचं. तेवढ्यात तिने बजावलं, उद्या ऑफिसला जाताना मला अजिबात उठवू नकोस, पाच वर्षांची झोप काढायची आहे.
बरं म्हटलं.