हॉलमधलं हळदीकुंकू

चि. शालनला अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. इथे मिनेसोटात बर्फ खिडकीला टेकलाय, पण घर उबदार असतं. ऋषी दवाखान्यात, सूनबाई ऑफिसात, म्हणून दिवसभर मी फ्रिजशी बोलते. तोही बिचारा घूं घूं करतो. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

बरं, गंमत ऐक. गावच्या हॉलमध्ये दर बुधवारी म्हातारी माणसं जमतात, पत्ते खेळतात, खुर्चीत बसून हातपाय हलवतात. मला भाषा येत नाही, म्हणून मी भिंतीपाशी बसून नुसती हसते. परवा संक्रांतीच्या वड्या नेल्या. सूनबाई सुट्टी काढून आली होती, तिने बायकांना कुंकू लावलं. मी सवयीने मागे सरकले. तर डोरिस म्हणून एक म्हातारी आहे, ती करंडा घेऊन माझ्यापुढे उभी. मी म्हटलं, "हजबंड नो." ती म्हणाली, "मी टू," आणि लावलंच.

हे गेल्यापासून पहिल्यांदा लागलं गं. घरी येऊन आरशात किती वेळ बघितलं. दाखवायला तू जवळ नव्हतीस, म्हणून तुला लिहायला बसले. सूनबाई या पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवेल.

भाऊजींच्या मागे तुझी ही पहिली संक्रांत. रथसप्तमीपर्यंत शेजारीपाजारी हळदीकुंकू होईल, तेव्हा आतल्या खोलीत बसू नकोस. कोणी नाही लावलं तर मी आल्यावर लावीन. तुझा करंडा तेवढा कुणाला देऊन टाकू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
अक्का