दोन गोळ्या आणि दवाखान्याचा जिना

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. यापुढे नुसत्या लेखी नमस्कारावर आशीर्वाद देत जा.) पायांची सूज उतरली का? भावोजी बरे आहेत ना? तुझं पत्र पोचलं. नव्या गोळीने गळून जायला होतं, शेजारणीची गोळी बरी दिसते, तेव्हा आपली बंद करावी म्हणतेस. थांब जरा, आधी माझी फजिती वाच.

तुझं-माझं दुखणं एकच, हृदय थकलेलं. (जन्मभर लोकांच्या छात्या मोजून कोट शिवले, पण आत काय चाललंय ते टेपला कधी कळलं नाही.) दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसतात. दोघांनाही बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरून त्याला विसावा देणारी गोळी. माझी कार्व्हेडिलॉल, दोन वेळा, जेवणाबरोबर. त्यांची बायसोप्रोलॉल, सकाळी एकदाच. मला वाटे, एकीत भागतंय म्हणजे त्यांचीच जोरदार. त्यांना वाटे, मला दोन मिळतात म्हणजे डॉक्टरांची मर्जी माझ्यावर. वाद काही मिटेना. शेवटी ठरलं, लिफ्ट सोडायची आणि तिसऱ्या मजल्यावर जो आधी पोचेल त्याची गोळी श्रेष्ठ. (हसू नकोस, दोघांची वयं मिळून एकशे सत्तेचाळीस.) पहिल्या मजल्यापर्यंत मी पुढे होतो. दुसऱ्यावर दोघांनीही पायरीवर बसकण मारली. ते माझी नाडी मोजताहेत, मी त्यांची, आणि आकडा एकालाही धड लागेना. तेवढ्यात वरून डॉक्टरीणबाई उतरल्या. (त्यांनाही नेमका त्याच दिवशी जिना आठवावा!)

त्यांनी आम्हाला चांगलंच झापलं. दोन्ही गोळ्या चांगल्या. कुणाला कोणती आणि किती, ते नाडी आणि रक्तदाब बघून ठरतं, आणि थोडीपासून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला थकवा येतो, तो डॉक्टरांना सांगायचा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मनाने बंद तेवढी करू नका. एकदम सोडली की हृदय बिथरतं." तेव्हा तू उद्याच तुझ्या डॉक्टरांना फोन कर.

तुझा,
धाकटा

ता. क. बसचालक अजून म्हणतात, जिंकले तेच. अर्ध्या पायरीने.

ता. क. २. डॉक्टरीणबाई माझ्याकडेच का बघत होत्या, ते लिहायचं टाळलं. थकव्याला कंटाळून मी चार दिवस गोळी घेतलीच नव्हती, आणि त्यांनी विचारल्यावर पायरीवरच ते कबूल केलं होतं. त्या दिवशी घरी सोडलं नाही; हे पत्र दवाखान्याच्या कॉटवरून लिहितोय. फार घाबरलो, ताई. इथे नर्सबाई समोर उभ्या राहून गोळी घ्यायला लावतात. तुझ्यापुढे तसं उभं राहायला मीच यायचा, तो इथे अडकलोय. माझं एवढं ऐक, पत्र बाजूला ठेव आणि आजची गोळी घे.