टाकीच्या झाकणातला साबण

मंगळवार, १४ मे १९७४

लकडगंजातून लाकूड भरून निघालो आणि दोन मैलांवर ट्रक पुन्हा बंद. पेट्रोलची नवी टाकी बसवल्यापासून तिसऱ्यांदा. जुन्या टाकीची गळकी भोकं साबणानं बुजवून मी दोन वर्षं काढली, पण रस्त्यात गाडी कधी थांबली नाही. मग या नवीला काय धाड भरली?

दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत नामदेव मिस्त्रींकडे आणला. त्यांनी आधी दोनदा कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून दिला होता. गॅरेजात गाडी छान चालते, रस्त्यावर मरते. डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या हातात आता दम नाही राहिला."

म्हाताऱ्यानं सरळ टाकीचं झाकण फिरवलं, तर सूं करून हवा आत ओढली गेली. झाकणाच्या हवेच्या भोकात साबण.

"हा कोनं भरला गा?"

मीच. पहिल्याच दिवशी, पेट्रोल उडू नये म्हणून. भोक दिसलं की साबण, हात आपोआप जातो. वर स्वतःवर खूशही झालो होतो.

"हवा आत गेली नाही तं पेट्रोल खाली कसं येईन, भाऊ?" एवढंच म्हणून त्यांनी काडीनं भोक मोकळं केलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू.

गिऱ्हाइकं अजून तिथंच होती. चुकलो म्हणायला काय जात होतं? मिस्त्रींनी हात धुवायला साबण मागितला, तेव्हा खिशातला तोच तुकडा मुकाट्यानं काढून दिला.